दोन डोक्यांचा मुन्शी

निपाणीत गुन्हे कमी घडतात याचं कारण परशराम दड्डीकर निपाणीत राहतात, असं परशराम दड्डीकरांचं ठाम मत होतं. कुणी विचारलं तर ते हे मत सांगत. कुणी विचारलं नाही तर आधी ‘काय विचारताय?’ असं म्हणत आणि मग सांगत. “माझी नजर म्हणजे एक्सरे,” ते बोट उभं करून म्हणत, “नाक म्हणजे पोलिसांचं कुत्रं, आणि मेंदू म्हणजे...” इथं ते थांबत, कारण मेंदूला शोभेल अशी उपमा त्यांना बावीस वर्षांत सापडली नव्हती. शेजारी उभा असलेला मष्णू तेवढ्यात घसा खाकरायचा आणि म्हणायचा, “मेंदूबी चांगलाच हाय.”

मष्णू म्हणजे त्यांचा मदतनीस. ही जोडी पूर्वी नगरपालिकेच्या जकात नाक्यावर होती. परशराम, म्हणजे सगळ्यांचे अण्णा, कारकून, आणि मष्णू दांडी वर-खाली करणारा शिपाई. तिथंच अण्णांना आपण गुप्तहेर असल्याचा शोध लागला. एकदा नुसत्या बैलाच्या चालीवरनं गाडीत चोरून आणलेला गूळ आहे असं ओळखून त्यांनी अख्खी गाडी उतरवायला लावली. गूळ नव्हता. बैल लंगडा होता. पण ‘काहीतरी गडबड आहे हे मी ओळखलं होतं का नाही?’ असं अण्णांनी विचारल्यावर मष्णूला व्हय म्हणावं लागलं, आणि तेव्हापासून तो व्हयच म्हणत आला.

पुढं सरकारनं जकात बंद केली आणि अण्णांना जन्म-मृत्यूच्या नोंदीवर बसवलं. त्या टेबलावर संशयाला जागा फार कमी. तरी अण्णा मुलाच्या जन्माची नोंद करायला आलेल्या बापाला चष्म्यावरनं बघत विचारायचेच, “यापूर्वी हे मूल कुठं होतं?”

अठ्ठ्याऐंशी सालच्या फेब्रुवारीत, असंच एकदा दुपारी, गिरणीवाल्या सिद्राम आप्पांच्या घरच्या जयाबाई टेबलासमोर येऊन उभ्या राहिल्या. अण्णांनी त्यांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

“तुम्ही पीठ मळता मळता उठून आलाय,” ते म्हणाले. “उजव्या हाताला पीठ आहे.”

“आमची गिरणच हाय वो,” जयाबाई म्हणाल्या. “आमच्या घरात मांजराच्या अंगालाबी पीठ असतंय. ते जाऊ द्या. भुताचं काम हाय.”

अण्णांनी शाईच्या बाटलीला बूच लावलं. मष्णूनं स्टूल ओढलं.

भुताचं काम म्हणजे टीव्हीतल्या भुताचं. सिद्राम आप्पांच्या गिरणीच्या माडीवर गल्लीतला एकुलता एक टीव्ही होता. दर गुरुवारी नऊ वाजता त्यावर दिल्लीहून ‘नीम तले की परछाईं’ ही मालिका लागायची. पावणेदोन वर्षं चालली होती. एका जुन्या हवेलीतला मुन्शी मरून भूत होतो, अंगणातल्या निंबाच्या झाडाखालनं निघतो आणि हवेली विकत घ्यायला येणाऱ्याला पळवून लावतो. दर आठवड्याला नवं गिऱ्हाईक यायचं, कारण आधीच्याचं काय झालं हे त्या हवेलीत कुणी कुणाला सांगत नसे. गल्लीत मालिकेचं नाव ‘निंबाखालचं’ असं पडलं होतं, आणि गुरुवारी पावणेनऊला माडीवर पाय ठेवायला जागा नसायची. स्वतः मष्णू जिन्याच्या वरून तिसऱ्या पायरीवर बसायचा. तिथनं मुन्शी कमरेपर्यंत दिसायचा, पण भीती पुरेशी वाटायची.

“पयल्यांदा काय भारी होतं, सांग की मष्णू,” जयाबाई म्हणाल्या.

मष्णूनं सांगितलं. पहिल्या वर्षी मुन्शीला दोन डोकी होती. एक पुढं, आणि त्याच्या खांद्यामागं दुसरं, फिकट, पहिल्यापेक्षा जरा उशिरा मान वळवणारं. तो चालला की एक मुन्शी पुढं जायचा आणि एक मागं रेंगाळायचा. अंगणात पांढरं धुकं भुरभुरत असायचं. तो श्वास घ्यायचा तेव्हा अशी खरखर यायची की बायका पदर तोंडात धरायच्या. “आणि आता एकच डोकं,” मष्णू म्हणाला. “धुकं न्हाय, खरखर न्हाय. तोंडाला पावडर लावलीया ती गळ्यापाशी संपती. परवा तर मनगटावर घड्याळाचा पांढरा पट्टा दिसला. मेलेल्या माणसाच्या.”

“थोडक्यात,” अण्णा म्हणाले, “मालिकेला भूतकाळ आहे, वर्तमानात भूत नाही.” आणि हसायला जागा म्हणून क्षणभर थांबले.

जयाबाई हसल्या नाहीत. त्यांचं दुखणं वेगळंच होतं. शिंपी भरमा आणि सिद्राम आप्पा हे शाळेपासूनचे दोस्त. रोज साडेदहाला भरमा मशीन थांबवायचा, सिद्राम गिरणीचा पट्टा काढायचा, आणि दोघं कोपऱ्यावरच्या हॉटेलात एकाच बाकावर बसून चहा घ्यायचे. दिवाळीनंतर मालिका बिघडली. गल्लीत रोज चर्चा. लेखक बदलला असं कुणी म्हणायचं, सेन्सॉरनं डोकं कापलं असं कुणी म्हणायचं. सिद्राम मात्र मालिका होती तशीच आहे म्हणून सांगायचा, कारण टीव्ही त्याचा होता. एका गुरुवारी भरमा सगळ्यांदेखत म्हणाला, “हे भूत न्हाय, लग्नातला आचारी हाय.”

“माझ्या टीव्हीला नावं ठिवू नगंस,” सिद्राम म्हणाला.

“टीव्हीला न्हाय, भुताला ठेवतोय.”

“भूत टीव्हीतच हाय न्हवं?”

तिथनं जे बोलणं बंद झालं ते झालंच. आता दोघं साडेदहाला त्याच हॉटेलात जायचे, पण वेगवेगळ्या बाकांवर, एकमेकांकडं पाठ करून. भरमानं माडीवर येणं सोडलं होतं.

“आमचे मालक रातच्याला झोपत न्हाईत,” जयाबाई म्हणाल्या. “तुम्ही मालिका कुणी बिघडवली ते हुडका. दुसरा कुणीतरी गुन्हेगार निघाला म्हणजे ह्या दोघांचं भांडण मिटंल. पोलिसांत जावं तर ते हसत्यात.”

“मी हसत नाही,” अण्णा म्हणाले. ते खरं होतं.

तपास त्याच संध्याकाळी सुरू झाला. सायकल मष्णू चालवायचा आणि अण्णा मागं कॅरिअरवर बसायचे, कारण विचार करताना त्यांना दोन्ही हात मोकळे लागत. नगरपालिकेपासून गिरणीपर्यंतच्या चार मिनिटांत पहिला निष्कर्ष निघाला.

“जुळे भाऊ,” अण्णा कॅरिअरवरनं म्हणाले.

“कोन?”

“मुन्शी. दोन डोकी दाखवायची म्हणजे दोन माणसं पाहिजेत. सारखी दिसणारी. म्हणजे जुळी. दिवाळीला दोघांचं बिनसलं आणि एक भाऊ घरी गेला. उरलेला भाऊ आता एकटाच भूत होतोय. त्याचा चेहरा नीट बघ, हल्ली उदास असतो.”

मष्णूला आठवलं की मुन्शी उदास असतो हे खरं आहे. पण मेलेला माणूस उदास असणारच असंही त्याला वाटलं. तो म्हणाला, “व्हय.”

खात्री करायला अण्णांनी रविवारी बेळगाव गाठायचं ठरवलं. बेळगावला टीव्हीचा टॉवर जवळ, तिथं चित्र स्वच्छ दिसतं, तेव्हा तिथल्या प्रेक्षकांनी दोन्ही भावांना नीट पाहिलं असणार. एस्टी स्टँडजवळच्या हॉटेलात दोघं तीन तास बसले आणि येणाऱ्या प्रत्येकाला विचारत राहिले. मालिका सगळ्यांना माहीत होती. कॉलेजातली दोन पोरं, काकतीचा एक दूधवाला, आणि एक बँकेतले साहेब जे फक्त बायको बघते म्हणून बघत होते.

“दोन डोकी?” दूधवाला म्हणाला. “न्हाई वो. पयल्यापासनं एकच हाय.”

“ओंदे तले री,” गल्ल्यावरचा मालक कानडीत म्हणाला आणि एक बोट वर केलं.

“आणि मालिका बिघडली असं तुम्हाला वाटत नाही?”

“बिघडायला आधी चांगली पायजे की,” बँकेतले साहेब म्हणाले. “आम्ही हसायला बघतो.”

परतीच्या बसमध्ये अण्णा संकेश्वरपर्यंत तिकिटामागं काहीतरी लिहीत होते. मष्णू खिडकीतनं उसाच्या गाड्या बघत होता आणि आता अण्णांना काहीतरी समजणार या काळजीत होता. संकेश्वर सुटल्यावर अण्णांनी त्याच्या मांडीवर थाप मारली.

“बेळगावची माणसं भित्री. दुसरं डोकं यायच्या वेळेला डोळे मिटतात.”

“सगळीच?”

“सगळीच.”

“बँकेतले सायेबबी?”

“ते आधी मिटतात. शिकलेली माणसं.”

मष्णूला हे पटलं नाही. अख्ख्या बेळगावनं दर गुरुवारी एकाच क्षणी डोळे मिटायचे आणि नंतर एकमेकांना काही सांगायचं नाही, हे त्याच्या डोक्यात बसेना. त्याला पहिल्यांदाच ‘न्हाय’ म्हणावंसं वाटलं. पण बस हलत होती, अण्णांचं तोंड खुललं होतं, आणि बावीस वर्षांची सवय होती. तो खिडकीकडं बघून म्हणाला, “असंल.”

हे ‘असंल’ त्याला पुढं फार लागलं. कारण अण्णा तिथंच थांबले असते तर कुणाचं काही बिघडलं नसतं. मंगळवारी ते सिद्रामच्या माडीवर टीव्हीची पाहणी करायला गेले. टीव्हीवर निळ्या मखमलीचा गलेफ होता. कडेला जरीची पट्टी, आणि बटणांसाठी बरोबर मापाची भोकं.

“हा कधीपासून?” अण्णांनी विचारलं.

“दिवाळीला भरमा भावजींनी शिवून दिला,” जयाबाई म्हणाल्या.

दिवाळीला. अण्णांचे डोळे बारीक झाले.

“अण्णा, आधी जरा विचार करूया,” तो जिन्यात म्हणाला.

“विचार झाला,” अण्णा म्हणाले.

भरमाच्या दुकानात तेव्हा तीन गिऱ्हाइकं होती. अण्णा दारात उभे राहिले आणि त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असा निकाल दिला. मखमल जाड. टीव्ही दिवसभर मखमलीत कोंडलेला. आतली हवा खेळायची बंद झाली, धुकं आटलं, खरखर बसली, आणि दुसरं डोकं नाजूक असल्यामुळं आधी गेलं. गुन्हेगार शिंपी.

भरमाचं मशीन थांबलं. तो पन्नाशीचा, बारीक, कमी बोलणारा माणूस होता. त्यानं सुई वर घेतली, कापड बाजूला केलं आणि मष्णूकडं बघितलं. अण्णांकडं बघितलंच नाही.

“मखमल बायकोच्या झंपरासाठी आणलती,” तो म्हणाला. “पण तीच म्हणली, सिद्राम भावजींच्या टीव्हीवर पीठ बसतंय, त्यालाच काय तरी करा. म्हणून केलं. त्यानं तुमाला पाठवलं व्हय माझ्याकडं?”

“न्हाय न्हाय,” मष्णू म्हणाला. “तसं न्हाय.”

पण भरमानं मशीन सुरू केलं होतं. संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं की सिद्रामनं हेर पाठवून भरमाला गुन्हेगार ठरवलं. सिद्रामला हे कळल्यावर त्यानं अण्णांना गिरणीत बोलावून फक्त एवढंच विचारलं, “तुमाला कुणी सांगितलंतं?” आणि जयाबाई आत जाऊन भांडी घासत बसल्या, घासलेलीच. बुधवारी साडेदहाला भरमा हॉटेलात आलाच नाही. सिद्राम चहा समोर घेऊन रिकाम्या बाकाकडं पाठ करून बसला, आणि चहावर साय धरली तरी बसून राहिला. मष्णू हे रस्त्यावरनं बघत होता. त्या दिवशी अण्णांनी कॅरिअरवर बसायला पाय टाकला तेव्हा तो म्हणाला, “माझा गुडघा दुखतोय. चालत जाऊया.” गुडघा दुखत नव्हता.

गुरुवारी सकाळी गिरणीच्या दारात राजाबाई एस्टीतनं उतरून आली. राजाबाई सिद्रामची भाडेकरू, माडीच्या मागच्या खोलीत राहायची आणि विड्यांच्या कारखान्यात कामाला जायची. दिवाळीनंतर ती लेकीच्या बाळंतपणाला बेळगुंदीला गेली होती ती आता, नातू तीन महिन्यांचा करून, परतली. गुरुवारी निपाणीचा बाजार, आणि बाजारादिवशी तिच्या कारखान्याला सुट्टी, त्यामुळं जड धुणं ती गुरुवारीच काढायची. खोलीत चार महिन्यांची धूळ होती. तिनं दुपारभर वाकळा, म्हणजे जुन्या लुगड्यांच्या जाड गोधड्या, धुतल्या, गच्चीवर दोरी बांधली, वाळत टाकल्या आणि दमून झोपली. टीव्ही तिनं कधी बघितला नव्हता. नऊ वाजता तिचा डोळा लागलेला असायचा.

नऊ वाजता माडीवर जेमतेम पंधरा माणसं होती. अण्णा पुढं बसले होते, कारण आपला तपास संपला आहे असं फक्त त्यांनाच वाटत होतं. गलेफ सिद्रामनं काढून घडी घालून मांडीवर घेतला होता. हवेलीचं नवं गिऱ्हाईक आलं. कुत्रं रडलं. निंबाची फांदी हलली आणि अंगणात पांढरं धुकं भुरभुरायला लागलं. मग खरखर आली. मग मुन्शी आला, आणि त्याच्या खांद्यामागं, फिकट, जरा उशिरा मान वळवत, दुसरं डोकं आलं.

एक म्हातारी जप करायला लागली.

“भाऊ परत आला,” अण्णा हळूच म्हणाले. “समेट झाला त्यांचा.”

मष्णू तिसऱ्या पायरीवरनं उठला आणि धावत सुटला. भरमाचं घर चार दारांपलीकडं. तो दारातनंच म्हणाला, “भरमाअण्णा, दुसरं डोकं आलंय. चला.” भरमा जेवत होता. क्षणभर त्यानं भाकरीकडं बघितलं, मग तसाच उष्ट्या हातानं निघाला.

पण तो जिना चढून दारात पोचला आणि पडद्यावर एकच डोकं होतं. पावडर लावलेलं, स्वच्छ, गळ्यापाशी संपलेलं. सगळी माणसं वळून भरमाकडं बघायला लागली. सिद्रामही. भरमाचा चेहरा पडला.

“थट्टा करायला बोलावलंसा व्हय,” तो मष्णूला म्हणाला आणि वळला.

मष्णूनं त्याला हाक मारली. तेवढ्यात वर गच्चीवर पावलं वाजली. मष्णू दोन-दोन पायऱ्या टाकत वर गेला. आभाळ भरून आलं होतं, चार थेंब पडत होते, आणि राजाबाई झोपेतनं उठून दोरीवरच्या ओल्या वाकळा काढत होती. दोरीचं एक टोक पाण्याच्या टाकीला होतं. दुसरं टीव्हीच्या अँटेनाच्या खांबाला.

“आक्का, काय करताईसा?”

“वाकळा भिजाय लागल्यात. काय झालं?”

“खाली भुताचं डोकं गेलं.”

राजाबाईनं हातातली वाकळ बघितली, खांब बघितला, आणि मष्णूकडं बघितलं. “थांब,” ती म्हणाली, आणि ती पाण्यानं जड झालेली वाकळ तिनं पुन्हा दोरीवर टाकली. दोरी ताणली. खांब वाकून टाकीकडं कलला.

खालनं एकदम गलका झाला, “आलं, आलं.”

तिनं वाकळ उचलली. खांब सरळ झाला. खालनं आवाज आला, “गेलं.”

“गल्लीत सांगत्यात ते धुक्यातलं दोन डोक्यांचं भूत ह्येच व्हय?” राजाबाई म्हणाली. “काठी वाकडी झाल्यावर चित्र नीट कसं येईल? वरीसभर तुमी माझ्या वाकळंला भ्यालायसा.”

मष्णू खाली आला आणि त्यानं जिन्यातच, भरमा अजून जाता जाता थांबला होता तिथं, सगळं सांगितलं. टीव्हीत मुन्शी एकट्यानंच गिऱ्हाइकाच्या मागं धावत होता आणि त्याच्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं. पहिल्या वर्षीच्या त्या थोर मालिकेबद्दल लोकांनी रात्री जागवल्या होत्या, पाहुण्यांना गोष्टी सांगितल्या होत्या. आणि ती सगळी एका ओल्या वाकळेची करणी. मालिका पहिल्यापासून अशीच होती. बेळगावला दिसत होती तशी.

“तरी मी म्हणत होतो, यात कापडाचा हात आहे,” अण्णा म्हणाले.

या वेळी मष्णू व्हय म्हणाला नाही. “न्हाय अण्णा,” तो म्हणाला. “तुमी भरमाअण्णाला गुन्हेगार म्हणला. ते चुकलं. सांगा त्यांना.”

अण्णांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग बावीस वर्षांत पहिल्यांदा, जरा कुजबुजत, पण पंधरा माणसांदेखत ते म्हणाले, “भरमू, चुकलं माझं.”

“असू दे,” भरमा म्हणाला. तो सिद्रामकडं बघत होता.

सिद्राम उठला. गलेफ अजून हातातच होता. “तू म्हणालास मालिका बिघडली,” तो म्हणाला. “बिघडली न्हाय. चित्र सुधारलंय.”

“म्हंजे बिघडलीच की.”

सिद्रामनं विचार केला. “व्हय,” तो म्हणाला. “तसं बघितलं तर बिघडलीच. बस की रं. हात तरी धू.”

पुढचा आठवडाभर गल्लीत नवा वाद झाला. खांब सरळ ठेवावा की वाकडा. शिकलेल्या पोरांचं म्हणणं, खोटं भूत कशाला बघायचं. बाकीच्यांचं म्हणणं, खरं भूत तरी कुठं आहे. बुधवारी हॉटेलातल्या एकाच बाकावर बसून सिद्राम आणि भरमानं निकाल लावला. रोज खांब सरळ, गुरुवारी नऊ ते साडेनऊ वाकडा. जयाबाईंनी राजाबाईला विचारलं तेव्हा ती म्हणाली, वाकळ मी देते, पण मलाबी बघू द्या काय ते.

गुरुवारी तिला सगळ्यांत पुढं बसवलं. माडी भरली होती. अण्णा भिंतीपाशी बसले होते, आणि त्यांच्या शेजारी, पहिल्यांदाच पायरी सोडून, मष्णू. सगळ्यांना वर काय बांधलंय ते ठाऊक होतं. तरी कुत्रं रडलं आणि धुकं भुरभुरलं तेव्हा बायकांनी पदर तोंडात धरला. मुन्शी निघाला. दुसरं डोकं हळूच मान वळवून थेट माडीकडं बघायला लागलं.

“आगं बाई,” राजाबाई म्हणाली आणि जयाबाईला बिलगली.

भरमानं सिद्रामचा हात घट्ट धरला. तेवढ्यात जाहिरात लागली, आणि एकाच बाईच्या दोन बाया होऊन साबणानं कपडे धुवायला लागल्या. कुणी पाणी प्यायला उठलं, कुणी तपकिरीची डबी काढली. जाहिरातीला घाबरण्यासारखं काहीच नव्हतं. पण ती संपेपर्यंत त्या दोघांनी हात सोडले नाहीत.